चर ढासळल्यावर लगेच कोणी उतरायचं नाही: बचाव पथकाची तयारी कशी करून घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात मोजके जवान आहेत. शहरात भुयारी गटार योजनेचं काम चालू आहे, काळ्या मातीत 3 ते 3.5 मीटर खोल चर खणले जात आहेत. उद्या एखादा मजूर मातीखाली गेला तर त्याला सुखरूप काढण्यासाठी जवानांना कसं तयार करायचं, आणि साहित्य नसताना सुरुवात कुठून करायची?

मी महापालिकेच्या अग्निशमन दलातून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं बचावाचं प्रशिक्षण देण्यातच गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

साहित्याची यादी करण्याआधी पथकाला एक गोष्ट अंगवळणी पडली पाहिजे. आधार न दिलेल्या, म्हणजे बाजू फळ्या आणि टेकूंनी रोखून न धरलेल्या, चरात कोणीही उतरायचं नाही. माणूस डोळ्यांसमोर ओरडत असला, हात वर करत असला तरी नाही. ऐकायला हे निष्ठुर वाटतं, पण आपल्याच राज्यात याची किंमत मोजून झालेली आहे. 1 डिसेंबर 2019 रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या दापोडीत ड्रेनेजच्या खड्ड्यात एक मजूर अडकला. त्याला काढायला गेलेले स्थानिक तरुणही अडकले. अग्निशमन दलाने त्या तरुणांना बाहेर काढलं, पण पुन्हा माती ढासळली आणि जवानच तिच्याखाली सापडले. त्या घटनेत तो मजूर गेला आणि आपला एक जवानही गेला. त्या माणसांच्या धाडसाबद्दल मला आदरच आहे आणि कुणाला दोष द्यायला मी हे सांगत नाही. पण प्रत्येक नव्या तुकडीला मी ही घटना पहिल्या तासाला सांगत असे. चर ढासळतो तेव्हा आधी एक माणूस अडकतो, मग त्याला काढायला गेलेले. दापोडीत घडलं ते या प्रकारच्या अपघातात जगभर घडत आलं आहे.

याचं कारण मातीतच आहे. चराची बाजू एकदा कोसळली की वरचा काठ खालून पोकळ होऊन तसाच पुढे लोंबत राहतो. समोरच्या बाजूचा तोलही बिघडलेला असतो. त्यात काठावर गर्दी जमते, जेसीबी जवळ येतो, फुटलेल्या नळातून पाणी झिरपत असतं आणि उपसलेल्या मातीचा ढीग काठालाच टेकलेला असतो. म्हणजे पहिली माती पडायला जी कारणं होती ती सगळी तिथेच असतात आणि त्यांत आपण भर घालतो. 1 घनमीटर मातीचं वजन 1.5 ते 2 टन असतं. छातीवर दोन फूट माती आली तर शंभर-सव्वाशे किलोचं ओझं झालं. डोकं मोकळं असलं तरी माणूस गुदमरतो, कारण श्वास सोडताना छाती आत जाते, तेवढ्या जागेत माती बसते आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. हे जवानांना आकड्यांनिशी समजावून सांगा. नुसतं 'उतरू नका' म्हटलेलं पाळलं जात नाही.

थांबायचा सराव मैदानावर करून घ्यावा लागतो. जमिनीवर चुन्याने चर आखा, आत डमी ठेवा. केंद्रातलेच चार-पाच जण मजुरांची आणि नातेवाइकांची भूमिका करतील. त्यांतला एक गाडल्या गेलेल्याचा भाऊ होईल आणि जवानाची कॉलर धरून 'तुम्ही नुसते बघत काय उभे राहिलात?' असं विचारेल. खऱ्या प्रसंगी हे नक्की घडतं. गटाराच्या कामावर एकाच गावची, एकाच घरातली माणसं एका टोळीत असतात. पथकप्रमुखाने त्या दडपणात काठापासून सगळ्यांना मागे घ्यायचं, एका माणसावर गर्दीची जबाबदारी द्यायची, मुकादमाला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारायचे: आत किती जण होते, शेवटचे कुठे दिसले, किती वेळ झाला, आत कुठली लाइन आहे. या सरावाचे गुण एकाच गोष्टीवर द्या. पहिल्या दहा मिनिटांत कुणाचा पाय आखलेल्या रेषेच्या आत पडला का? पडला तर सराव पुन्हा पहिल्यापासून. मी पाहिलंय, की सगळ्यात अनुभवी आणि सगळ्यात धाडसी जवान यात आधी चुकतात. त्यांना रागावू नका. त्यांनाच दुसऱ्यांदा पथकप्रमुख करा.

थांबायचं म्हणजे हात बांधून उभं राहायचं नाही, हेही त्याच सरावात शिकवा. आतल्या माणसाचं डोकं आणि हात मोकळे असतील तर त्याच्याशी सतत बोलायला एकच माणूस नेमा, शक्यतो त्याची भाषा येणारा. आपल्याकडच्या कामांवर मराठवाड्यातल्या, कर्नाटकातल्या, तेलंगणातल्या, बिहार-झारखंडच्या टोळ्या असतात, त्यामुळे हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारा कोण आहे ते आधीच ठाऊक असावं. घमेलं किंवा छोटं फावडं दोराने खाली सोडून 'तोंडापुढची आणि छातीवरची माती तूच सार' असं त्याला सांगता येतं. त्याला हेल्मेट सोडता येतं, शिडी सोडता येते. अर्धवट अडकलेला माणूस स्वतःला बराच मोकळा करू शकतो आणि हातांना काम मिळाल्याने त्याचा धीरही टिकतो. त्याच वेळात बाकीचे साहित्य उतरवतात, गाड्या किमान पन्नास फूट लांब उभ्या करून इंजिनं बंद करतात, रस्त्यावरची जड वाहतूक पोलिसांकडून थांबवतात, महावितरण आणि पाणीपुरवठ्याच्या माणसांना बोलावून वीज आणि पाणी बंद करून घेतात. गॅसची लाइन असेल तर तीही. हे सगळं कागदावर छापील यादी करून गाडीत ठेवा. प्रसंगी पाठांतर आठवत नाही.

आता माती. पथकाला घेऊन योजनेच्या चालू चरांवर जा, सोबत नगरपरिषदेचा अभियंता असू द्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेग वरून दिसते त्यापेक्षा बरीच खोल गेलेली असते. पाऊस पडला की तीच माती फुगते, मऊ होते आणि काही तास उभी राहिलेली भिंत मग एकदम बसते. मुरूम घट्ट दिसतो, पण पाण्याने सुटा होतो. शहरात सगळ्यात फसवी असते ती भरावाची माती. जुन्या पाइपलाइनच्या शेजारी नवा चर खणला की एका बाजूची माती आधी कधीतरी खणून परत भरलेली असते, ती मूळ मातीसारखी एकमेकांना धरून राहत नाही. काठाला समांतर गेलेली बारीक भेग, मधोमध फुगलेली बाजू, तळाशी पाझर, वरून सुटणारी बारीक खडी ही चिन्हं जवानाच्या डोळ्यांना ओळखता आली पाहिजेत. अंगठा मातीत किती सहज जातो हे पाहायची पद्धतही शिकवा. पण बचावाच्या वेळी निकाल एकच धरायचा, की माती सगळ्यात वाईट प्रतीची आहे. एकदा ढासळलेल्या मातीला चांगली म्हणायचा प्रश्नच येत नाही.

याच फेरीत अभियंत्याला आणि ठेकेदाराच्या मुकादमाला दोन नियम दाखवा. भारतीय मानक आयएस 3764 प्रमाणे मातीतला 1.5 मीटरपेक्षा खोल चर आधार दिल्याशिवाय ठेवायचा नाही. उपसलेली माती काठापासून 1.5 मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतलं जे जास्त असेल तितकी लांब टाकायची, असं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सांगते. 3.5 मीटरच्या चराला हे अंतर 1.75 मीटर होतं. गल्लीबोळात ते पाळणं अवघड असतं हे मला मान्य आहे. मग माती ट्रॅक्टरने दुसरीकडे न्यावी लागते आणि त्याचे पैसे लागतात. ते पैसे आधीच मंजूर करून घेणं हे अभियंत्याचं काम आहे. आपलं काम हे, की दर आठवड्याला एक जवान कामावर फेरी मारेल आणि आधार नसलेला चर दिसला तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवेल. माझ्या मते हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. रोज चर पाहणाऱ्या जवानाला प्रसंगी ती जागा अनोळखी राहत नाही.

साहित्याबद्दल. हवेच्या दाबावर चालणारे तयार आधार महाग असतात, पण ते नाहीत म्हणून अडून बसू नका. 18 मिमी जाडीचा शटरिंगचा प्लाय, 8 बाय 4 फुटांचा, त्याच्या मधोमध उभी 2 इंच जाड आणि 12 इंच रुंद फळी बोल्टने घट्ट बसवलेली. हा झाला एक तक्ता. असे किमान सहा, म्हणजे तीन जोड्या लागतात: एक जोडी अडकलेल्या माणसापाशी आणि दोन्ही अंगांना एकेक. आडव्या आधारासाठी स्क्रूचे ट्रेंच जॅक घ्या, म्हणजे समोरासमोरच्या दोन तक्त्यांमध्ये आडवे ठेवून स्क्रूने आवळायचे लोखंडी टेकू. सेंट्रिंगचे लोखंडी प्रॉप सगळीकडे मिळतात, पण ते उभा भार पेलण्यासाठी बनवलेले असतात आणि त्यांची लांबीही अरुंद चरात बसत नाही. ते आडवे लावायचे असतील तर अभियंत्याकडून हिशोब करून घेतल्याशिवाय लावू नका. लाकडाच्या चौकोनी तुकड्यांवर आणि पाचरींवरही काम होतं. त्यात वेळ जास्त जातो, पण लाकूड वाकू लागलं की कुरकुरतं आणि ऐकू येतं, लोखंड आधी सांगत नाही. आधाराची जाडी आणि अंतर किती हे तुमच्या मातीसाठी आणि तुमच्या खोलीसाठी अभियंत्याने एकदा काढून द्यावं आणि ते तक्त्यावरच रंगाने लिहून ठेवावं. एकावर एक दोन आधारांत साधारण 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, एवढं लक्षात ठेवा.

हे काम आधी जमिनीवर शिकवा. केंद्राच्या आवारात एकमेकांसमोर मीटर-सव्वा मीटरवर दोन मजबूत भिंती किंवा चौकटी उभ्या केल्या की पुरे. काठावर आधी प्लाय आडवे पसरायचे, म्हणजे उभं राहणाऱ्याचं वजन एका जागी पडत नाही. तक्ते दोरांनी एकमेकांसमोर सोडायचे, फळीची बाजू आत. सगळ्यात वरचा आधार आधी, तोही वरून किंवा शिडीवरून. मग खाली. शेवटच्या बसवलेल्या आधाराच्या खाली कंबरेपेक्षा जास्त उतरायचं नाही. पुढचा आधार बसला की मग पुढे सरकायचं. जिथे माती कोसळून मागे पोकळी झाली आहे तिथे तक्ता कशालाच टेकत नाही, जॅक आवळला तर तो नुसता मागे जातो. ती पोकळी वाळूच्या पोत्यांनी किंवा लाकडी ठोकळ्यांनी भरायची. ही पायरी नवखी पथकं हमखास विसरतात, कारण आवारातल्या भिंतीला पोकळी नसते. म्हणून मुद्दाम एका बाजूला विटा काढून पोकळी करून ठेवा.

हात बसल्यावरच खऱ्या चराकडे वळा. सरावाचा चर स्वतंत्र असावा, अभियंत्याने आखलेला, बाजू कायमच्या आधारलेल्या, दोन्ही टोकांना शिड्या. मातीत पुरायचं ते डमीला, 70-80 किलोच्या. कुठल्याही कारणासाठी जिवंत माणसाला सरावात गाडायचं नाही, गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही. सराव चालू असताना वर एक सुरक्षा अधिकारी, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही, आणि त्याच्या गळ्यात शिट्टी. आंतरराष्ट्रीय बचाव पथकांतले इशारेच वापरा, म्हणजे उद्या पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याची एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी आली तर दोघांची भाषा एक राहील. तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे ताबडतोब बाहेर. एक लांब शिट्टी म्हणजे काम थांबवा, शांतता. एक लांब आणि एक छोटी म्हणजे काम पुन्हा सुरू.

चरात उतरण्याआधी हवा तपासायची. गटाराच्या कामात जुनी लाइन फुटलेली असू शकते. चार वायूंचा मीटर दोराने खाली सोडून ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या वर आहे का, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड किती, ज्वलनशील वायू आहे का, हे पाहायचं आणि काम चालू असताना मीटर आतच ठेवायचा. सडक्या अंड्यांचा वास येत नाही म्हणून वायू नाही असं समजू नका. प्रमाण वाढलं की हायड्रोजन सल्फाइड नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. ब्लोअर लावायचा, पाणी असेल तर पंप सुरू ठेवायचा.

आता माती काढण्याचं काम. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अडकलेल्या माणसाजवळ जेसीबीचा बकेट कधीही जाऊ देऊ नका. आत हात कुठे आहे, डोकं कुठे आहे हे चालवणाऱ्याला दिसत नाही. जेसीबी लांबच्या ढिगाऱ्यासाठी, तोही आधार बसल्यावर आणि पथकप्रमुखाने सांगितल्यावर. माणसाजवळ हात, खुरपं, आखूड दांड्याचं फावडं. आधी तोंड, मग छाती, मग खाली. माती घमेल्यांनी हातोहात वर, आणि वर आली की लांब. दर थोड्या वेळाने खोदणारे बदला. आत दोनपेक्षा जास्त माणसं फार वेळा अडचणच करतात.

छातीपर्यंत मोकळा झालेला माणूस पाहिला की काठावरचे लोक दोर मागतात. बगलेत दोर घालून ओढू म्हणतात. हे करू द्यायचं नाही. ओल्या मातीत अडकलेल्या पायाला माती सगळीकडून घट्ट धरून असते, ओढणाऱ्यांचा जोर कण्यावर आणि ओटीपोटाच्या हाडांवर जातो. पावलांपर्यंत खणूनच काढायचं. डमीचे पाय मुद्दाम पाइपखाली अडकवून ठेवा, म्हणजे गुडघ्यापर्यंत आल्यावर 'झालंच' म्हणायची सवय लागणार नाही.

वैद्यकीय बाजूसाठी 108 च्या डॉक्टरांना सरावाला बोलवा. ते सहसा आनंदाने येतात. पाय किंवा मांड्या काही तास दाबाखाली राहिल्या की स्नायू मरू लागतात. माती काढल्याबरोबर त्यांतलं पोटॅशियम आणि इतर घटक रक्तात मिसळतात. आतापर्यंत बोलणारा माणूस बाहेर आल्यावर काही मिनिटांत हृदय थांबून जाऊ शकतो, आणि वाचला तर पुढे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. म्हणून मोकळं करण्याआधीच शिरेतून सलाईन सुरू करायचं असतं. तो निर्णय डॉक्टरांचा. जवानाचं काम हे, की किती वाजता अडकला ती वेळ लिहून ठेवायची, पूर्ण मोकळं करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं आणि त्यांनी 'हो' म्हणेपर्यंत शेवटचा दाब काढायचा नाही. जवळच्या कुठल्या रुग्णालयात डायलिसिसची सोय आहे, हे आजच विचारून यादीत लिहा. गार पाण्यात भिजलेल्या माणसाचं अंग थंडीत लवकर गारठतं, तेव्हा गाडीत ब्लँकेटं ठेवा.

माणूस बाहेर आला की सगळे सैल पडतात. नेमकं तेव्हा आधार काढायला घाईने उतरायचं नाही. काढायचे ते उलट क्रमाने, खालून वर, आणि खालून माती भरत. मृत्यू झाला असेल तर पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत आधार तसेच ठेवा. माझा सल्ला तर असा आहे, की थकलेल्या पथकाने ते काढूच नयेत. दुसऱ्या दिवशी उजेडात, अभियंता समोर असताना काढावेत.

एक गोष्ट प्रशिक्षणात बहुतेक जण टाळतात. पूर्ण गाडला गेलेला माणूस, वर दोन मीटर माती, पाऊण तास उलटलेला, आतून आवाज नाही. अशा वेळी काम थांबवायचं नसतं, पण गती बदलायची असते. जिवंत माणसासाठी घेतलेला धोका मृतदेहासाठी घ्यायचा नाही. हा निर्णय एकट्या पथकप्रमुखावर टाकू नका. डॉक्टर, पोलीस अधिकारी आणि पथकप्रमुख यांनी मिळून घ्यावा, आणि नातेवाइकांना तो पथकप्रमुखाने स्वतः, बाजूला नेऊन, सरळ शब्दांत सांगावा. हे बोलायचं कसं, याचाही सराव करून घ्या. एकाला बाप करा, दुसऱ्याला अधिकारी. जवानांना हा सराव आवडत नाही, आणि मी तो कधी वगळला नाही.

आपल्या आवाक्याची मर्यादाही ठरवून ठेवा. प्लाय आणि जॅकवर तीन-चार मीटरपर्यंतचा सरळ, अरुंद चर हाताळता येतो. त्याहून खोल खड्डा, रुंद खोदकाम, पाण्याने भरणारी जागा, शेजारच्या इमारतीचा पाया उघडा पडलेला, असं काही असेल तर पहिला फोन जाताक्षणीच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आणि त्यांच्यामार्फत एसडीआरएफला (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला) आणि एनडीआरएफला. मे 2024 अखेरीस वसईजवळ ससूनवघर इथे पाणीयोजनेसाठी खणलेल्या खोल खड्ड्यात माती आणि भिंत कोसळून पोकलेनसह चालक गाडला गेला. तिथे एनडीआरएफपासून लष्करापर्यंतची पथकं लागली आणि काम अनेक दिवस चाललं. अशा ठिकाणी नगरपरिषदेच्या पथकाने परिसर मोकळा ठेवणं, पाणी उपसणं आणि माहिती गोळा करणं एवढंच करावं. तेही पुष्कळ मोठं काम आहे.

मोठ्या अभ्यासक्रमासाठी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात किंवा एनडीआरएफकडे एक-दोन जणांना पाठवता आलं तर जरूर पाठवा आणि आल्यावर त्यांनाच बाकीच्यांना शिकवायला लावा. पण त्यासाठी थांबू नका. सहा तक्ते शहरातला कुठलाही सुतार तयार करून देईल. प्लाय, लाकूड, जॅक, कंप्रेसर आणि पंप रात्री दोन वाजता कोण देईल त्यांचे नंबर ठेकेदाराकडून आणि गावातल्या वखारीकडून घेऊन ठेवा. थांबायचा सराव महिन्यातून एकदा, आधार बसवायचा सराव दोन महिन्यांतून एकदा, खऱ्या चरातला वर्षातून दोनदा, त्यांतला एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि एक रात्री, दिव्यांच्या उजेडात. मजुरांच्या टोळ्या बदलतात, म्हणून प्रत्येक नव्या टोळीला कामावर जाऊन अर्धा तास द्या: माती पडली तर कोणी उडी मारायची नाही, काठापासून मागे व्हायचं, 112 ला फोन करायचा, आणि माणूस शेवटचा दिसला त्या जागेच्या नेमक्या समोर, काठापासून लांब, एक फावडं रोवून ठेवायचं. आम्ही पोहोचलो की पहिला तक्ता तिथेच उतरवतो.